खुंटीवरचं दावं

॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥

कौळगाव, ता. उदगीर
१२ मे १९८५

ती. ईश्वरण्णास नीलम्माचे शरणार्थ.

तुझं पत्र पोचलं, पण आधी उस्मानाबादची यात्रा करून. तू अजून पाकिटावर 'जिल्हा उस्मानाबाद' लिहितोस. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं होत आली, अण्णा. नांदेडला ही बातमी गेली नाही वाटतं! जिल्हा जवळ आला म्हणून गावानं पेढे वाटले होते. इतका जवळ आला की सकाळच्या एसटीनं आम्ही यांची जन्मठेप ऐकायला गेलो आणि दिवेलागणीला घरी येऊन भाकरी थापल्या.

औरंगाबादचे वकीलसाहेब अपील चालवायला तयार झाले हे सासऱ्यांना वाचून दाखवलं.  वकीलसाहेबांनी सगळं पहिल्यापासून लिहून मागितलंय, म्हणून तुला ठाऊक असलेलंही लिहिते. हा कागद तसाच त्यांच्या हातात दे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आणि मुखेडच्या मधल्या माळावर जनावरांची सरकारी छावणी होती. तिथला मुकादम निवृत्ती याचा खून झाला. चौघं जण बैलगाडीत छावणीचा कडबा भरून चोरून नेत होते. तो आडवा आला, त्याला कुऱ्हाडीनं तोडला. चौघांचा म्होरक्या सटवाजी, जनावरांचा दलाल. चौघांतलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि त्यानं पाचवं नाव घेतलं. कागदावर घ्यावंच लागतं म्हणून घेते, मन्मथ. आमच्या घरचे.

हे तिथं नव्हते, असं कोर्टही म्हणतं. पण कट आधी ठरला होता, आणि कटात जो आहे त्याचा हात कुऱ्हाडीला लागला नसला तरी खून त्याचाही, असं जज्जसाहेबांनी वाचून दाखवलं. पुरावे दोन. मुखेडच्या बाजारात यांनी आणि सटवाजीनं उपरण्याखाली हात घातलेला दोघा माणसांनी पाहिला. उपरण्याखाली बोटं दाबून जनावराचा भाव करतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण माफीचा साक्षीदार म्हणतो, त्या उपरण्याखाली निवृत्तीच्या मरणाचा सौदा झाला. दुसरा पुरावा, गाडीला जुंपलेल्या जोडीत एक बैल आमचा बसू होता.

आम्ही कोर्टात खरं तेच सांगितलं. आमच्या जोडीतला एक बैल माघातच गेला. बसूला घालायला घरात काडी उरली नाही, म्हणून हे त्याला मठाच्या गोठ्यात सोडून आले. तिथून सटवाजीच्या माणसांनी चोरून नेला असणार. हे मठातून सरळ घरी आले, मुखेडला गेलेच नाहीत. अप्पांनी हे शपथेवर सांगितलं, यांनीही सांगितलं. मठातल्या कुणाला साक्षीला बोलवावं असं आपला लातूरचा वकील म्हणत होता, पण मठाला कोर्टात ओढू नका म्हणून अप्पांनीच हात जोडले. नणंदेचं, कमलम्माचं, लग्न तेव्हा तोंडावर होतं, आणि तिचे सासरे चंद्रप्पा मठाचे ट्रस्टी. तुला माहीत आहे त्यांचं सोवळं.

बसूच्या पाठीवर दर जत्रेला नंदीची झूल चढायची. त्याला खुन्यांच्या गाडीला जुंपलं, याचंही मला रडू येतं. वकीलसाहेबांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवू नकोस.

तुझी
नीलम्मा


नांदेड
३ जून १९८५

चि. सौ. नीलम्मास अनेक आशीर्वाद.

पाकीट बघ. 'जिल्हा लातूर' ठळक अक्षरांत लिहिलंय. झालं समाधान?

औरंगाबादला जाऊन आलो. वकीलसाहेबांनी तुझा कागद वाचला, शेवटच्या वाक्यासकट. मी काय त्यांचा हात धरू? म्हणाले, बाईंनी आमच्या ज्युनिअरपेक्षा नीट लिहिलंय. मग चष्मा काढून म्हणाले, पण लातूरच्या निकालातलं एक वाक्य फार वाईट आहे. 'निरपराध माणसानं बाजारात गेल्याचंच का नाकारावं?' हे वाक्य जागचं हललं तर अपील हलेल.

उपरण्याचं त्यांना समजावून सांगताना माझा घसा बसला. मी उपरणी विकणारा माणूस. शेवटी दुकानातलंच एक त्यांच्या टेबलावर अंथरून त्यांचा हात खाली घेतला आणि बोटं दाबून दाखवली. त्यांना मजा वाटली. म्हणाले, म्हणजे दोन माणसांखेरीज तिसऱ्याला काही कळतच नाही? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, कटाचंही असंच असतं, म्हणून तर अडचण आहे.

त्या उपरण्याखाली मन्मथरावांचा हात नव्हता हे सटवाजी सांगू शकतो, पण तो बोलणार नाही. आपण त्या गावचेच नाही, असं त्याचं स्वतःचं अपील आहे. बाजारात होतो असं म्हणाला की गाडीही त्याच्या गळ्यात पडते.

पण एक गोष्ट सापडली आणि मला आशा वाटायला लागली. पंचनाम्यात लिहिलंय की बसूच्या गळ्यात नवाकोरा नायलॉनचा दोर होता. तुझे सासरे महादेवप्पा तर अंबाडीचं दावं स्वतः वळतात, नायलॉनला हात लावत नाहीत. म्हणजे चोरांनी जुनं दावं कापून टाकलं असणार. ते मठातच कुठं पडलं असेल. गोठा सांभाळणारा गुंडप्पा आहे ना, त्याला गाठ. दावं मिळालं आणि बैल चोरीला गेल्याचं गुंडप्पानं लिहून दिलं, की त्या वाईट वाक्यावर वकीलसाहेबांना बोलता येईल.

लगेच जा. घरातलं आवरून जाते, भाकरी टाकून जाते, असं करत बसू नकोस.

तुझा
ईश्वरण्णा


कौळगाव
१४ जून १९८५

ती. अण्णास शरणार्थ.

भाकरी न टाकताच गेले. गुंडप्पा गोठ्याच्या दारात तंबाखू मळत बसला होता. गोठा रिकामा. मी म्हटलं, आमचा बसू इथून चोरीला गेला तेव्हाचं दावं कुठं आहे? तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला.

"बसू? आक्का, बसू हितं आलाच न्हाई. त्या वैशाखात आमी एक बी जनावर घेतलं न्हाई. चाराच नव्हता तर काय माती घालू?"

मी त्याला नाही नाही ते बोलले. नशा करतोस, मठाचं खाऊन खोटं बोलतोस, म्हटलं. तो बिचारा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमाला कुनी सांगितलं आक्का, त्येला इचारा."

घरी आले. अप्पा ओसरीवर बसले होते. मी पाणी प्यायला आत गेले, आणि वर बघितलं तर माजघराच्या खुंटीवर दावं. अंबाडीचं, बसूच्या मानेच्या घामानं काळं पडलेलं, गाठीशी तांबडी चिंधी बांधलेली. ती चिंधी माझ्याच लुगड्याची आहे. अण्णा, वर्षभर मी त्या दाव्याखाली झाडून काढतेय.

तू कापडाच्या गाठोड्यात वाढलास, म्हणून सांगते. जनावर कुठं ठेवायला, चारायला दिलं तर ते त्याच्या दाव्यानिशी जातं, कारण परत यायचं असतं. विकलं तर दावं आपण काढून घेतो आणि घेणारा स्वतःचा दोर घालतो. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. मला हे या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे. आणि तरी मी ते बघून बघितलं नाही.

बसू मठात गेलाच नाही. विकला. नायलॉनचा दोर घालणाऱ्याला विकला. आणि सटवाजी बैल घेतो ते पाळायला नव्हे. हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये चढवायला, हे पंचक्रोशीला माहीत आहे. ट्रक येईपर्यंत चोरीच्या गाडीला जुंपला असणार.

अप्पा समोरच बसले होते. विचारायला तोंड उघडलं आणि म्हटलं, अप्पा, चहा टाकू का? तू हर्सूलच्या तुरुंगात जा आणि यांना विचार. मला हिंमत होत नाही.

नीलम्मा


नांदेड
९ जुलै १९८५

चि. सौ. नीलम्मास आशीर्वाद.

भेटून आलो. मन्मथराव जाळीपलीकडं येऊन उभे राहिले. वाळलेत, पण दाढी नीट केली होती. मी म्हटलं, "नीलानं खुंटीवरचं दावं बघितलं." एवढंच. ते तिथंच खाली बसले. मग म्हणाले, "इतके दिवस तिला कसं दिसलं न्हाई, ह्याचंच मला नवल वाटून राहिलं होतं."

ते जसं बोलले तसं लिहितो.

"अण्णा, बसू धड उठत नव्हता. शेपूट धरून उठवावं, पुन्हा बसावा. मठात घेऊन चाललो होतो. वाटंतच कळलं की मठ कुनाचं जनावर घेत न्हाई. तिथून पुढं मुखेड. बाजारात पाळणारं गिऱ्हाईक एक बी नव्हतं, सगळे विकायलाच आलेले. सटवाजीनं उपरणं टाकलं. बोटं दाबली. मी हात काढून घेतला न्हाई. तेवढाच माझा गुन्हा, लिहून घ्या. जनावर उपाशी मरताना बघवलं न्हाई."

मी विचारलं, मग कोर्टात हे का सांगितलं नाही? तर त्यांनी मलाच विचारलं, "कमलीचा टिळा झाला होता. चंद्रप्पाच्या सुनेचं माहेर बैल कापायला देतं, हे मी लातूरच्या कोर्टात वरडून सांगू? मला वाटलं, खून मी केलाच न्हाई, तर सुटणारच की. सुटल्यावर बसूचं कुनी इचारणार न्हाई."

नीला, मला त्या माणसाचा इतका राग आला की जाळी नसती तर थोबाडीत मारली असती. आणि इतकं भरून आलं की रुमाल काढावा लागला. आपल्या लोकांना खुनाच्या आळाची भीती कमी आणि बैल विकल्याच्या बोलाची जास्त. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं तर तो आपल्याला वेडे म्हणेल.

वकीलसाहेब मात्र ऐकून खुर्चीतून उठलेच. विक्री झाली असेल तर दोन्ही पुरावे गेले! उपरण्याखाली बैलाचा भाव झाला, आणि खुनाच्या दिवशी बैल आपला नव्हताच. अपिलातही नवा पुरावा घेण्याचा अर्ज करता येतो म्हणाले. पण कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. पहिले महादेवप्पा.

मन्मथरावांचा निरोप आहे की अप्पांना त्रास देऊ नका, कमलीला नांदू द्या. हा निरोप मी फक्त पोचवतोय. तू ऐकू नकोस.

ईश्वरण्णा


कौळगाव
२८ जुलै १९८५

ती. अण्णास शरणार्थ.

ऐकला नाही. दावं खुंटीवरून काढलं आणि अप्पांच्या मांडीवर ठेवलं.

ते बराच वेळ त्याची गाठ चाचपत बसले. मग म्हणाले, "म्याच काढलं व्हतं. बसूला धुतलं, कपाळाला इभूत लावली. पोरगं म्हनलं, अप्पा, कदाचित मुखेडला जावं लागंल, दावं राहू द्या घरी. म्या हाव म्हनलं."

म्हणजे निघतानाच दोघांना माहीत होतं. वाटेत कळलं वगैरे यांनी तुला अप्पांना वाचवायला सांगितलं. तुरुंगात बसूनही खोटं बोलायची सवय गेली नाही, आणि तेही दुसऱ्यासाठी.

मी म्हटलं, अप्पा, कोर्टात चला. तर म्हणाले, "कमलीला दिवस गेलेत. तिला चंद्रप्पानं माघारी धाडली तर?" मी म्हटलं, कमलवन्संना माघारी धाडतील, तुमच्या मुलाला कोण माघारी धाडणार आहे? सुनेनं सासऱ्याशी असं बोलू नये. मी बोलले. ते उठून गळ्यातल्या लिंगाला हात लावून पूजेच्या कोनाड्यापुढं उभे राहिले. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतात. वळून म्हणाले, "एसटी कितीला हाय?"

परवा निघतोय. दावं पिशवीत घेतलंय. पाऊस नाही. पेरलेलं वाळून चाललं.

नीलम्मा


नांदेड
१६ सप्टेंबर १९८५

चि. सौ. नीलम्मास आशीर्वाद.

अर्ज दाखल झाला. महादेवप्पांचं शपथपत्र सोबत जोडलं. दाव्याला कोर्टाच्या कारकुनानं पुराव्याची चिठ्ठी बांधायला नकार दिला. म्हणाला, आधी हुकूम होऊ द्या. ते वकीलसाहेबांनी परत दिलंय, पुढच्या एसटीनं येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

आता ते काय म्हणाले ते नीट ऐक. एकटा बाप पुरत नाही. बाप मुलासाठी बोलणारच, त्यातून आधी शपथेवर उलटं बोललेला. बाहेरचा एक तरी माणूस हवा. त्या दिवशी बाजारात बैल विकलेला कुणी, किंवा मठानं त्या वैशाखात जनावरं घेतलीच नाहीत असं सांगणारा गुंडप्पा. एकच, नीला. एकच माणूस उभा राहिला तर माझ्या हातात काहीतरी आहे, असे शब्द आहेत त्यांचे.

गाव मोठं आहे. एक माणूस मिळेल की.

ईश्वरण्णा


कौळगाव
२० ऑक्टोबर १९८५

ती. अण्णास शरणार्थ.

गाव मोठं आहे खरं.

आधी गुंडप्पाकडं गेले, शिव्या दिल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "आक्का, तुमचं खरं हाय. पर मी कोर्टात हे बोललो तर आख्खं गाव उघडं पडतंय. ट्रस्टी मला ठेवतील व्हय?" तेव्हा मला कळलं नाही, की गाव कसं उघडं पडेल. पुढं कळलं.

अमृतरावांच्या घरी गेले. त्यांचे दोन बैल त्याच उन्हाळ्यात मठात सोडले होते, असं त्यांची आई सांगायची. मी चहा घेत बसले आणि नजर वर गेली. खुंटीवर दोन दावी. शरणम्माकडं गेले. तिच्या दाराच्या मागं एक. किशनराव पाटलांचं तर मला वाटलं होतं की त्यांच्यात आपल्यासारखं नाही, ते तरी बोलतील. त्यांच्या गोठ्यात तीन, एकावर एक. सगळ्यांनी सांगितलंय की जनावरं मठात दिली. मठानं तर एकही घेतलं नाही.

अण्णा, आता मी कुणाच्या घरी गेले की लोक आधी खुंटीकडं बघतात, मग माझ्याकडं. शरणम्मानं तर मला ओसरीवरच बसवलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मी अमृतरावांच्या पाया पडले. म्हटलं, तुम्ही तुमच्या बैलांचं सांगू नका. यांना तिथं भाव करताना बघितलं, एवढंच सांगा. ते म्हणाले, "वहिनी, मग वकील इचारंल की तुमी तिथं काय करून राहिले होते. काय सांगू?" वाईट माणूस नाही. यांना पकडून नेलं तेव्हा आमच्या घरी जेवण त्यांच्याकडून आलं होतं.

एक माणूस मिळाला नाही. मी अजून फिरते.

नीलम्मा


नांदेड
२२ जुलै १९८६

चि. सौ. नीलम्मास आशीर्वाद.

तार करणार होतो, पण तारेत हे लिहिता येईना.

काल निकाल झाला. मी कोर्टात होतो. नव्या पुराव्याचा अर्ज नामंजूर, अपील नामंजूर. शिक्षा कायम, सगळ्यांची सारखी.

वकीलसाहेब चांगलं बोलले. दाव्याचा रिवाज त्यांनी इतका नीट सांगितला की मला वाटलं हा माणूस जन्मभर गोठ्यात राहिलाय. जज्जसाहेबांनीही लक्ष देऊन ऐकलं, हे मी सांगतो. मग विचारलं, वडिलांच्या दोन शपथांतली खरी कोणती मानायची? दावं तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात असतं. आणि एवढी जनावरं बाजारात विकली गेली असतील, तर गावातला किंवा मठातला एकही माणूस कसा पुढे आला नाही?  वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं.

निकालात लिहिलंय की कट उघड्यावर होत नाही, तो माणसांच्या वागण्यावरून ओळखायचा असतो. आरोपीनं आणि त्याच्या घरच्यांनी पहिल्यापासून जे लपवलं त्यावरून त्याचा हेतू इतरांशी एकच होता असं दिसतं.

दिल्लीला जाता येईल, असं वकीलसाहेब पायऱ्या उतरताना म्हणाले. पण उतरतच म्हणाले, थांबून नाही.

मन्मथरावांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, कमलीला काय झालं? मुलगी झाली, सांगितलं. "नांदवून राहिले ना?" मी हो म्हटलं. खरंच हसले ते.

मला काही सुचत नाही, नीला. काही दिवस इकडं ये. महादेवप्पांनाही आण.

ईश्वरण्णा


कौळगाव
३ सप्टेंबर १९८६

ती. अण्णास शरणार्थ.

इतक्या उशिरा उत्तर लिहिते, रागावू नकोस. तुझं पत्र मी अप्पांना एकदाच वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाच म्हटलं नाही.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात भजन होतं. सगळं गाव, उदगीरहून चंद्रप्पा, कमलवन्संही लेकराला घेऊन आलेल्या. भजन संपलं आणि प्रसादाची पंगत बसायच्या आत अप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं पाणी हवंय. ते मोठ्यानं म्हणाले, "बसूला म्या कापाया दिलं. पोरानं न्हाई, म्या. मठात दिलं म्हनलो ते लबाड व्हतं. मला वाळीत टाका."

मी दाराशी उभी होते. आता काय होतं म्हणून एकेकाचं तोंड बघू लागले. अण्णा, काहीच झालं नाही. अमृतराव सतरंजीचा धागा उपटत होते. किशनराव पाटील छताकडं बघत होते. गुंडप्पा पत्रावळी मांडत होता, तो मांडतच राहिला. कुणी छी म्हटलं नाही, उठून गेलं नाही. ज्याला आम्ही इतकं भ्यालो, ते आलंच नाही. ते कधी येणारच नव्हतं, हे तेव्हा मला समजलं.

मग चंद्रप्पा म्हणाले, "महादेवप्पा, बसा. परसाद थंड होऊन राहिला."

अप्पा बसले. शेजारच्यानं सरकून जागा दिली. सगळे जेवले.

निघताना कमलवन्संनी मला बाजूला घेतलं. पोरीला थोपटत थोपटत म्हणाल्या, "वहिनी, आमच्या शेतातल्या गोठ्यात चार दावी हायेत. लग्न होऊन गेले तवापासून बघते. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."  त्यांना काय बोलणार? त्याही माझ्यासारख्याच, बघून न बघणाऱ्या.

कोर्टानं लिहिलंय ना, सगळ्यांचा हेतू एकच होता. चुकीचं नाही लिहिलं. फक्त पाच जणच कसे मोजले, एवढं मला विचारायचं होतं. माझा नवरा तिथं एकटा शिक्षा भोगतोय आणि आम्ही सगळे इथं पंगतीला बसतो. मला घास गिळवत नाही, पण गिळते, कारण अप्पा माझं पान बघतात.

यांना कमलवन्संच्या गोठ्याचं कळवू नकोस. ती नांदते आहे एवढंच त्यांच्यापाशी उरलंय.

नांदेडला येणं होणार नाही. यंदाही पाऊस गेला. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलंय की पोहऱ्याचा दोर पुरेना. काल खुंटीवरचं दावं काढलं आणि दोराला जोडलं. तांबडी चिंधी सोडून चुलीत टाकली. अप्पा बघत होते, त्यांनीच येऊन गाठ घट्ट केली. आता पोहरा तळाला टेकतो. वर येतो तो निम्मा गाळच असतो.

तुझी
नीलम्मा